मधली टिकली

गौरी जेवल्या त्या संध्याकाळी फ्लॅश उडाला नाही. गोष्ट म्हटली तर एवढीच. भाचीने कॉलेजातल्या कुणाकडून तरी सेकंडहँड कॅमेरा घेतला होता आणि गौरींचे फोटो काढायला ती तो मुद्दाम ठाण्याहून आमच्याकडे दहिसरला घेऊन आली होती. मी अण्णांचा जुना फ्लॅश काढून ठेवलाच होता. तो कॅमेऱ्याच्या डोक्यावर सरकवला, खालची चकती फिरवून घट्ट केला, बारीक शीळ चढत गेली, पाठीवरचा नारिंगी दिवा लागला. भाचीने बटण दाबलं. कॅमेऱ्याचा खटक आवाज आला आणि खोलीत काही म्हणता काही झालं नाही. पुन्हा दाबलं, पुन्हा नुसतं खटक. फ्लॅशवरचं टेस्टचं बटण दाबलं तर मात्र लख्ख उजेड. मुखवट्यांच्या नथी, जरीच्या साड्या, पुढ्यातली पुरणपोळी, सगळं क्षणभर पांढरंफटक. कॅमेऱ्यावरून दाबलं की ढिम्म.

आई तेव्हा माझ्या डाव्या हाताला उभी होती. नुसती उभी नव्हती. तिचा उजवा हात कोपरातून वर गेला होता आणि तळवा किंचित आत वळला होता, जणू हातात काहीतरी धरलंय. "जपून हो," ती म्हणाली, "त्याच्या टोकाला करंट असतो." मी कॅमेऱ्याच्या मेनूत डोकं खुपसून बसलो होतो. आरतीला मंडळी खोळंबलेली, दारात चपलांचा ढीग, शेजारच्या वहिनी ताट घेऊन ताटकळलेल्या. "आई, तू जरा बस बघू," मी म्हणालो. "आता तसलं काही नसतं. आणि मागे हो, सावली पडतेय तुझी."

ती मागे झाली.

फोटो मोबाइलवर काढले, चांगले आले, रात्री दहाच्या आत सगळ्या नातेवाइकांच्या ग्रुपवर गेलेही. फ्लॅश पुन्हा डब्यात गेला. पण अंथरुणावर पडल्यावर मला तो न उडालेला फ्लॅश आठवेना, आईचा तो वर गेलेला हात आठवत राहिला. तो खाली कसा आला ते मी पाहिलंच नव्हतं.

त्या फ्लॅशच्या मागे मी दोन दिवस आधीपासून लागलो होतो. अण्णा असताना त्याचा दंडक होता: काम झालं की सेल काढायचे, फ्लॅश फडक्यात गुंडाळायचा, फडकं बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात, डबा गोदरेजच्या कपाटात वरच्या खणात. मुंबईच्या हवेत पत्रासुद्धा घामेजतो, असं ते म्हणायचे. ते गेल्यानंतर एकदा मी हौसेने तो काढला, दोन-चारदा उडवून पाहिला आणि सेल तसेच आत ठेवून विसरलो. बारा-तेरा वर्षं. म्हणजे गुन्हेगार शोधायला लांब जायला नको. झाकण उघडलं तेव्हा आत पांढऱ्या बुरशीसारखी खरबरीत फुलं आली होती आणि पितळी पट्ट्यांवर मोरचुदासारखा निळा-हिरवा थर. अल्कलाइन सेलमधून गळतो तो क्षार, म्हणून त्यावर आंबट चालतं. कापसाच्या बोळ्यावर लिंबाचे दोन थेंब घेतले तर फसफस झालं. मग स्पिरिटचा बोळा, मग शाळकरी खोडरबर, आणि तरीही उरलं ते झिरो नंबरच्या पॉलिश पेपरने. स्प्रिंगा चमकायला लागल्यावर मला उगाचच मोठं काही केल्यासारखं वाटलं. चार पेन्सिल सेल घातले, बटण सरकवलं. शीळ आली, पण कशी, तर दमेकऱ्याच्या श्वासासारखी. दिवा लागायलाच मिनिटभर गेलं. वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या फ्लॅशचा कपॅसिटर, म्हणजे आतली वीज साठवणारा भाग, आळसावतो, त्याच्या आतला ऑक्साइडचा पातळ थर विरतो. त्याला एकदम कामाला जुंपायचं नाही. चार्ज होऊ द्यायचा, तसाच थोडा वेळ राहू द्यायचा, टेस्टचं बटण दाबून उडवायचा, पुन्हा चार्ज. तासाभरात दिवा दहा सेकंदांवर आला. आई आतून पोह्यांना फोडणी घालताना म्हणाली, "आता बरोबर वाजतोय." मी तिच्याकडे लक्ष दिलं नाही. खरं तर तेव्हाच द्यायला हवं होतं, कारण हा फ्लॅश कधी बरोबर वाजतो हे या घरात एकाच माणसाला ठाऊक आहे.

अण्णा पोर्ट ट्रस्टात क्लार्क होते आणि लग्नसराईत फोटोग्राफर. गिरगावातल्या आमच्या चाळीत आणि आजूबाजूच्या चार वाड्यांत त्यांची ऑर्डर असे. कॅमेरा यशिका मॅट १२४ जी, दोन डोळ्यांचा. एका रोलमध्ये बारा फोटो, त्यामुळे प्रत्येक फोटो तोलूनमापून. रोल कधी उटीच्या कारखान्यातला 'इंदू', कधी पूर्व जर्मनीचा 'ओर्वो', मिळेल तो. हा कॅमेरा पोटाशी धरून वरून आत डोकवायचं, आणि आतल्या काचेवर डावं-उजवं उलटं दिसतं. फ्लॅश कॅमेऱ्याला न लावता लांब वायरीवर बाजूला धरला की चेहऱ्याला उठाव येतो, समोरून मारला की चेहरा भाकरीसारखा सपाट होतो, हे अण्णांना कुणी शिकवलं कोण जाणे. पण बाजूला धरायला माणूस हवा, माणसाला पैसे द्यावे लागतात, म्हणून आई. नऊवारीतल्या करवल्यांच्या गर्दीत साध्या पाचवारीत, हात उंच करून, अण्णांच्या डावीकडे तीन-चार फुटांवर. अण्णा काचेत बघत "उजवीकडे" म्हणाले की ती बिनबोभाट डावीकडे सरकायची. एकदाही चुकली नाही. आमच्या घरात नंतरही कित्येक वर्षं अण्णा काही उलट बोलले की आई म्हणायची, "काचेतलं बोलतायत."

तिचं खरं काम दोन गोष्टींचं. एक, अंतर. फ्लॅशच्या पाठीवर एक चकती असते, तिच्यावर फूट आणि लेन्सच्या छिद्राचे आकडे समोरासमोर लावलेले. अण्णांना ती बघायला वेळ नसे आणि मांडवाच्या उजेडात ती दिसतही नसे. आईने ती पाढ्यासारखी पाठ केली होती: दहाला आठ, पंधराला पाच-सहा म्हणजे ५.६, वीसला चार. शंभर एएसएच्या रोलला, एएसए म्हणजे रोल उजेडाला किती तेज त्याचा आकडा. फोटोग्राफीचं पुस्तक याला गाइड नंबर म्हणतं. अंतर गुणिले छिद्राचा आकडा बरोबर ऐंशी, एवढंच त्याचं गणित, आणि आईच्या पाढ्यातली प्रत्येक ओळ, मधली थोड्याशा फरकाने का होईना, ऐंशीलाच येते, हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं. दुसरं काम म्हणजे 'हं'. फ्लॅश एकदा उडाला की पुन्हा भरायला आठ-दहा सेकंद. सनईच्या आणि बायकांच्या कालव्यात अण्णांना शीळ ऐकू येत नसे. आई फ्लॅश कानाजवळ धरायची. शीळ चढत चढत कानाला जवळजवळ ऐकू येईनाशी झाली की ती म्हणायची, "हं." त्या 'हं'शिवाय अण्णांनी कधी बटण दाबलं नाही.

एकदाच 'हं' असूनही फसगत झाली. ते लग्न आमच्याच चाळीतलं, म्हणून जास्त लागलं. शेवटचं मंगलाष्टक, 'सावधान', अंतरपाट झरकन खाली, अक्षतांचा पाऊस, वाजंत्री. अण्णांनी दाबलं आणि फ्लॅश मुका. आईने 'हं' म्हटलं होतं, दिवाही लागलेला. त्यांचा पहिला संशय नेहमीप्रमाणे वायरीवर. फ्लॅशच्या वायरीचं कॅमेऱ्यात घुसणारं टोक दिसतं अगदी भाबडं, मध्ये एक सुई आणि भोवती एक कडं, पण कटकटी तेवढंच. त्याला पीसी म्हणतात. कॉम्प्युटरशी त्याचा संबंध नाही, प्रॉंटर आणि कॉम्पूर या दोन जर्मन शटरांच्या नावांतली ती आद्याक्षरं. वायर हमखास त्या टोकाच्या मुळाशी आतल्या आत तुटते, वरून धडधाकट दिसते. अण्णांनी ती अंगठ्याने मुरगाळून धरली तर उडाला. पण तोवर माळा घालून झाल्या होत्या. मुलीचे वडील रडवेले. शेवटी अंतरपाट पुन्हा धरला, नवरा-नवरी पुन्हा अलीकडे-पलीकडे, आणि लोकांनी सतरंजीवरच्या अक्षता वेचून पुन्हा टाकल्या. भटजी मात्र हटून बसले. "मी मंगलाष्टक पुन्हा म्हणणार नाही, लग्न दोनदा लावत नाहीत," म्हणाले. त्यामुळे त्या फोटोत सगळ्यांचे हात अक्षता टाकायला वर आहेत आणि कोपऱ्यात भटजींचं तोंड घट्ट मिटलेलं. तो अल्बम मी अलीकडेच पाहिला. कुणाला सांगितलं नाही तर कळणारही नाही. पण एकदा ठाऊक झालं की दुसरं काही दिसत नाही.

करंटचीही गोष्ट आहेच. पावसाळ्यात लग्नं नसतात, म्हणून बारशी. मी असेन नऊ-दहा वर्षांचा, मलाही नेलं होतं. जिन्यात पाणी, छत्र्यांचं पाणी, आईचे हात ओले, आणि वायरीचं टोक कॅमेऱ्यात लावून द्यायला म्हणून तिने चिमटीत धरलं. एक बारीक किंचाळी आणि फ्लॅश पायऱ्यांवर. फुटला नाही, एका कडेला टवका उडाला, तो अजून आहे. कोपरापर्यंत झिणझिण्या आल्या म्हणाली. अण्णा हसले. चार सेलवर चालणाऱ्या वस्तूचा शॉक लागतो यावर कुणाचा विश्वास बसणार? तिने तेव्हाही वाद घातला नाही. पण त्यानंतर टोकाला हात लावायच्या आधी ती हात पदराला पुसायची आणि ते टोक अण्णांच्या हातात द्यायची, रबराच्या बाजूने धरून.

होमाई व्यारावाला गेल्या, २०१२ च्या जानेवारीत, तेव्हा त्यांच्यावरचे लेख मी आईला वाचून दाखवले होते. भारतातली पहिली स्त्री वृत्तछायाचित्रकार, शिकलेली आपल्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये, आणि सुरुवातीचे फोटो छापून यायचे ते नवऱ्याच्या नावाने. मला वाटलं, आई काही म्हणेल. ती म्हणाली, "केवढा जड असेल गं बाई तो कॅमेरा." झालं. माझ्या डोक्यात जे चाललं होतं ते तिच्या डोक्यात नव्हतं, किंवा असेल तर तिने ते मला दिलं नाही. अण्णांनी काढलेल्या शेकडो फोटोंत आईचा फोटो शोधायला गेलं तर एकच सापडतो, तोही चुकून आलेला. दादरच्या एका हॉलमध्ये वरपक्षाच्या खोलीत भिंतभर आरसा होता. पुढे नवरदेवाला फेटा बांधतायत आणि मागे आरशात अण्णा वाकलेले, त्यांच्या शेजारी आई. गळ्याच्या खाली आई. वर चेहऱ्याच्या जागी पांढरा स्वच्छ गोळा, फ्लॅशचा. गिऱ्हाइकाला ती प्रिंट दिली नाही, म्हणून ती आमच्याकडे उरली.

गौरी गेल्या, अनंत चतुर्दशी झाली, तरी माझ्या डोक्यातून ते खटक जाईना. फोनवर भाचीला एकेक करून सगळं तपासायला लावलं. मेनूत फ्लॅश बंद करून ठेवायची सोय असते, ती पाहिली, चालूच होती. स्क्रीनवर बघून फोटो काढताना आवाज दाबायची सोय लावलेली असेल तरी बाहेरचा फ्लॅश रुसतो. बिनआरशाच्या नव्या कॅमेऱ्यांत निव्वळ इलेक्ट्रॉनिक शटर ठेवलं की बहुतेकदा तेच. इथे तसं नव्हतं. शटरचा वेग दोनशेच्या पुढे असेल तर फ्लॅश उडतो पण फोटोच्या एका बाजूला काळा पट्टा येतो. उडतच नाही तर त्याचा प्रश्नच नाही. फ्लॅश शेवटपर्यंत आत सरकला नव्हता का? सरकला होता, मीच सरकवला होता. मग एका शनिवारी डबा पिशवीत घालून बोरा बाजारात गेलो. सीएसएमटीहून बाहेर पडून त्या गल्लीत शिरलं की अजूनही काही दुकानांच्या काचेत जुनी शटरं आणि बेलोज दिसतात, बाकी सगळीकडे सीसीटीव्ही. एका दुकानाच्या पोटमाळ्यावर, जिथे सरळ उभं राहता येत नाही, तिथे टेबललॅम्पखाली एक वयस्कर गृहस्थ बसतात. अण्णा त्यांच्याकडेच यायचे. मी नाव सांगितलं तर ओळखलं नाही. फ्लॅश हातात दिला, टवक्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "पोर्ट ट्रस्ट."

त्यांनी फ्लॅश चार्ज केला, उलटा धरला आणि प्लॅस्टिकच्या मुठीचा चिमटा त्याच्या पायावर ठेवला. एक टोक मधल्या पिनेवर, दुसरं कडेच्या पट्टीवर. टप्. माळ्यावरची धूळसुद्धा दिसली. "फ्लॅश ठणठणीत आहे," म्हणाले. कॅमेरा फ्लॅशला काही पाठवत नाही, नुसती ही दोन टोकं एकमेकांना लावून देतो. मधलं आणि कडेचं, एवढं जुळलं की आतल्या कपॅसिटरमध्ये साठलेले तीनशेच्या वरचे व्होल्ट मोकळे होतात, झेनॉनच्या नळीला हजारो व्होल्टांचा एक धक्का बसतो आणि सेकंदाच्या हजाराव्या भागात सगळं आटोपतं. कुठल्याही कंपनीचा असो, ही मधली टिकली सगळ्यांची एकच. बाकीच्या टिकल्या ज्याच्या त्याच्या भाषेतल्या. मिनोल्टाने १९८८ मध्ये खाचच बदलली होती, ती सोडून द्या. हे सगळं ते मला नाही, फ्लॅशलाच सांगत होते. मग त्यांनी मीटरच्या दोन सळ्या त्याच जागी टेकवल्या. आकडा वाढत वाढत एकशे ऐंशीवर स्थिर झाला. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "हा नव्या कॅमेऱ्यावर लावलात?"

लावला होता. आठ-दहा वेळा दाबलाही होता.

जुन्या यांत्रिक कॅमेऱ्यात त्या जागी पितळेच्या दोन पट्ट्या असतात, त्यांना एकशे ऐंशी व्होल्टांचं काय. नव्यात तिथे नखाएवढाही नसलेला इलेक्ट्रॉनिक स्विच असतो. आंतरराष्ट्रीय मानक आहे चोवीस व्होल्टांचं. काही कॅमेरे त्याहून पुष्कळ जास्त सोसतात, काही नाही. "नशीब असेल तर वाचला असेल," ते म्हणाले, "एकदा आणा, बघतो. पण हा परत लावू नका." पैसे घेतले नाहीत. परतीच्या लोकलमध्ये खिडकीची जागा मिळाली आणि तिचा काही उपयोग झाला नाही. पोरीने शिकवण्या करून जमवलेल्या पैशांचा कॅमेरा. आणि कानात आईचं वाक्य: त्याच्या टोकाला करंट असतो. बोरिवली येईपर्यंत मी मनातल्या मनात तिच्याशी भांडत होतो, म्हणजे माझी बाजू मांडत होतो. दहिसरला उतरून भाचीला फोन केला, सरळ विचारायची हिंमत नव्हती. "काय गं, कॅमेरा काय म्हणतोय?" "मस्त, का रे मामा?" "सहज. आतला छोटा फ्लॅश उडतो ना?" उडत होता. दोन दिवसांनी तिने मैत्रिणीकडून त्याच कंपनीचा मोठा फ्लॅश आणून लावून बघितला. तोही उडाला. माझ्या छातीवरचा धोंडा उतरला, पण कोडं आणखी अवघड झालं. कॅमेरा निरोगी, फ्लॅश निरोगी, आणि दोघं एकत्र आले की अबोला. असली जोडपी पाहण्यात आहेत, पण तिथे निदान कारण तरी ठाऊक असतं.

नवरात्रात पाचव्या माळेला भाची आली. कॅमेरा सोबत होताच. तिचे हात साबुदाण्याच्या वड्याने तेलकट, म्हणून तिने तो आजीकडे दिला. आईच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं राहिलंय. ती हल्ली बरंच हातांनीच बघते. तांदळातले खडे, वातींचा पीळ, नारळाचा डोळा. तिने कॅमेरा मांडीवर घेतला, पदराने वरून पुसला, आणि अंगठा त्या फ्लॅशच्या खाचेत घालून मागेपुढे फिरवला. थांबली. पुन्हा फिरवला.

"ह्याला मधली टिकली नाहीय."

मी मोबाइलचा टॉर्च मारला. काळ्या खाचेत मागच्या बाजूला चार बारीक चकचकीत ठिपके. आणि मध्ये, जिथे मोठा गोल ठिपका असायला हवा, तिथे सपाट काळं प्लॅस्टिक. मी त्या खाचेत फ्लॅश किमान दहा वेळा घातला असेन, बोटाने धूळ काढली असेन, खोडरबर फिरवायचंही मनात आलं होतं. टिकल्या दिसल्या होत्या, त्या मोजल्या नव्हत्या. मग शोधलं तर निघालं की त्या कंपनीने आपल्या काही स्वस्त मॉडेलांतून मधली टिकली काढूनच टाकली आहे. तिचे स्वतःचे फ्लॅश बाकीच्या चारांवर बोलतात, परक्याला बोलायला जागाच नाही. दोन पैसे वाचवायला केलं की आपलाच माल खपवायला, ते त्यांचं त्यांना ठाऊक. मला राग यायला हवा होता, थोडा आलाही. पण त्याच वेळी हेही कळत होतं की गौरींच्या संध्याकाळी ते एकशे ऐंशी व्होल्ट प्रत्येक खटकला दाराशी येऊन उभे होते, आणि तिथे दारच नव्हतं.

"करंट होता गं, आई," मी म्हणालो. "मोजला बोरा बाजारात. एकशे ऐंशी."

"मग मी काय सांगत होते?" तिने कॅमेरा बाजूला ठेवला आणि वातींची परडी पुढे ओढली. विजयाचा सूर नाही, काही नाही. मला वाटतं, तिला आकडा ऐकूनही काही नवीन कळलं नव्हतं.

भाचीच म्हणाली, मग हा फ्लॅश आता शोभेलाच का? आईने वात वळता वळता सांगितलं, "बी वर ठेवा की." बी म्हणजे बटण दाबून धरू तोवर शटर उघडं. कोकणातल्या आमच्या देवळात वीज नव्हती तेव्हा अण्णांनी गाभाऱ्याचा फोटो काढला होता. कॅमेरा पायरीवर, शटर उघडं, आणि अंधारात आई एकेका खांबामागे जाऊन टेस्टचं बटण दाबत गेली. चार खांब, चार उजेड, एक फोटो. ती कुठेच दिसत नाही, कारण ती हलत होती आणि फ्लॅशचं तोंड तिच्यापासून पलीकडे. मी तो फोटो लहानपणापासून भिंतीवर पाहत आलोय. तो असा काढला हे मला त्या दिवशी कळलं.

दिवे मालवले. खिडकीला चादर लावली, तरी रस्त्यावरच्या दिव्याची एक रेघ छतावर राहिलीच. घटाजवळ फक्त नंदादीप, मातीतून वर आलेले पिवळट कोंब आणि वरून सोडलेल्या पाच माळा. कॅमेरा स्टुलावर, खाली दोन पंचांगं. भाचीने बी ऐवजी दोन सेकंद ठेवले, बोट लागून हलायला नको म्हणून टायमर लावला. "छिद्र किती?" तिने विचारलं. आई फ्लॅश हातात घेऊन स्वयंपाकघराच्या दाराशी गेली आणि चवड्याने लाद्या मोजत घटापर्यंत आली, परत गेली. "दोन फुटी पाच लाद्या. आठ ठेव." पहिल्या वेळी तिला उशीर झाला, शटर मिटल्यावर उजेड पडला. फोटोत नुसती ज्योत. दुसऱ्या वेळी मी टायमरचे सेकंद मोठ्याने मोजायला लागलो तर म्हणाली, "तू नको बोलूस, मला ऐकू येत नाही." तिने फ्लॅश कानाशी धरला. शीळ वर वर गेली, पातळ झाली.

"हं."

भाचीने बटण दाबलं, टायमर संपला, खटक झालं आणि लगेच दारातून पांढरा झोत. डोळ्यांपुढे बराच वेळ हिरवी टिंबं नाचत राहिली. स्क्रीनवर घट आला होता, एकेक कोंब वेगळा, झेंडूच्या पाकळ्यांना डावीकडून उजेड आणि उजवीकडे मऊ सावली, मध्ये ज्योत स्थिर. आणि अगदी डाव्या कडेला काचेची एक बांगडी, मनगट आणि पदराचा काठ. मी काही बोलायच्या आत भाची म्हणाली, "आजी, भारी!" आईने कॅमेरा नाकाजवळ नेला, ऑपरेशन झालेला डोळा स्क्रीनला लावून बराच वेळ पाहिलं.

"माझा हात आलाय," ती म्हणाली. "परत काढा."

आणि अर्धी लादी मागे सरकून तिने फ्लॅश पुन्हा कानाशी नेला.